बेनेदेकची जागा

सिल्वाश, ११ सप्टेंबर १८५०

नव्या कोठीवर सामान आलं. पियानोचा एक पाय वाटेत मोडला. घरात वाजवणारं कुणी नाही, तेव्हा काही अडलं नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत रोजनिशी लिहिली ती पलटणीची: किती कोस चाललो, दाणागोटा किती उरला, माणसं किती पडली. स्वतःची अशी ही पहिलीच.

व्हिएन्नातल्या मंत्र्यांनी मला घरी बसवून दोन महिने झाले. मी हंगेरीतलीच जमीन घेतोय म्हटल्यावर ग्राझमधले मित्र हसले. "ट्रेश्काउ, ज्यांच्या पोरांना तू फासावर चढवलंस त्यांच्यात म्हातारपण काढणार?" मी म्हणालो, ताप चढलेल्या माणसाचं वैद्य रक्त काढतो. रोगी बरा झाल्यावर वैद्यावर डूख धरत नाही. बंडाचा ताप होता, मी उतरवला. आज या प्रांतात मक्याचं पीक उभं आहे ते कुणामुळे? त्यांना हे कळत असणारच.

शिवाय ज्या मंत्र्यांनी मला हाकललं त्यांचा यांनाही राग आहे आणि मलाही. दोस्तीला एवढं पुरेसं होतं.

१५ सप्टेंबर

शिस्त वाखाणण्यासारखी. गावातून घोड्यावरून गेलो तर बायका विहिरीवरून बाजूला झाल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. काहीही विचारा, उत्तर एकच: "जी, सरकार." मी एकाला विचारलं, यंदा आलुबुखार कसे आहेत? "जी, सरकार." गोड आहेत की आंबट? "जी, सरकार."

संध्याकाळी वोज्तेखला सांगितलं, लोक आज्ञाधारक आहेत. वोज्तेख मोराव्हियाचा, बावीस वर्षं माझ्याकडे आहे, तोंडाचा फटकळ. माझे बूट पुसता पुसता म्हणाला, "आज्ञा पाळणारी गर्दी मी फाशीच्या मैदानातही बघितलीय, साहेब. तिथंही कुणी पुढं घुसत नाही."

त्याला पाठदुखीनं चिडचिडं केलंय.

२९ सप्टेंबर

आलुबुखार उतरवून झाले म्हणून आसपासच्या बावीस प्रतिष्ठितांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. दोन डुकरं, माशांचं तिखट कालवण, व्हिएन्नाहून आणवलेली मिठाई. बावीस ठिकाणांहून बावीस चिठ्ठ्या आल्या, सगळ्या अतिशय नम्र. कुणाला संधिवात, कुणाला घटसर्प, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. चव्वेचाळीस ताटं मांडलेली होती. मी टोकाच्या खुर्चीवर बसून सूप प्यालो. वाढपी भिंतीशी उभे होते.

३० सप्टेंबर

एकाच परगण्यात एवढी आजारपणं म्हणजे रोगाची साथच. जिल्ह्याच्या डॉक्टरला कळवावं असं पत्र लिहिलं. वोज्तेखनं ते टपालात टाकलं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "साथ कशाची आहे ते डॉक्टरला ठाऊक आहे, साहेब. त्यालाही बोलावणं होतं. त्याची दाढ दुखत होती."

१३ ऑक्टोबर, रविवार

यांच्या देवळात गेलो. मी कॅथलिक, हे कॅल्विनपंथी. पण देव एकच आहे आणि शेजारी म्हणून बसायला हरकत नसावी. मी शिरलो तेव्हा स्तोत्र चालू होतं. कुणी थांबलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही, माझ्या बाकावरून कुणी उठलंही नाही. फक्त मी बसलो त्या बाकावरचे लोक गायचे थांबले. माझ्या दोन्ही बाजूंना शांतता आणि बाकी देऊळ गात होतं.

दाराशी पाद्री सोबोस्लाई उभे होते. उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस. मी म्हणालो, प्रवचन आवडलं. ते म्हणाले, "जी, सरकार." पाद्रीसुद्धा!

२१ ऑक्टोबर

आज एक माणूस माझ्याशी बोलला.

सामोश नदीच्या काठानं चालत होतो. साधा कोट होता, घोडा मागे ठेवला होता. वाळुंजाच्या झाडांपाशी एका झोपडीबाहेर एक म्हातारा टोपली विणत बसला होता. डोळ्यांवर दुधासारखी साय. माझी चाहूल लागताच मान वर न करता जर्मनमध्ये, तेही अस्सल छावणीतल्या जर्मनमध्ये म्हणाला, "कोण, मोजणीवाले साहेब का?"

"मी जर्मन आहे हे कशावरून ओळखलं?"

"चालण्यावरून. आमचा माणूस चिखल बघून पाय टाकतो. जर्मन चिखलाला हुकूम सोडतो."

मी हसलो. किती महिन्यांनी, आठवत नाही. बादशहानं सगळा देश मोजायला माणसं पाठवलीत. त्यांतलाच मी एक असं त्यानं धरलं. मी नाही म्हणालो नाही. खोटं बोललो असं नव्हे. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्याचं नाव मोझेश केंदे. गाव त्याला मोझेशकाका म्हणतं. अकरा वर्षं बादशहाच्या घोडदळात होता. फ्रेंचांविरुद्ध लाइपझिगच्या लढाईत होता! मीही होतो, सत्तावीस वर्षांचा लेफ्टनंट. तो म्हणाला, "दुसऱ्या रात्री पाऊस लागला. माझा घोडा मेला होता, पण पोट ऊबदार होतं. त्याला टेकून झोपलो. सकाळी तोही थंड, मीही थंड. फरक एवढाच, की मला शिंक आली."

त्याची मुलगी एस्टर बाहेर आली. माझ्याकडे पाहून तिच्या हातातलं दुधाचं भांडं हिंदकळलं. अशक्त दिसते. हिवताप असावा, नदीकाठी असतोच.

२ नोव्हेंबर

आता रोज जातो. तो मला वाळुंजाच्या काड्या सोलायला देतो आणि माझ्या कामाला नावं ठेवतो. "मोजणीसाहेब, तुम्ही काडी सोलता की तिची जबानी घेता?" मक्याचा घाटा आणि खारवलेली चरबी खातो आम्ही. कोठीवरच्या जेवणाची चव गेलीय.

एस्टर कधी बसत नाही. दाराशी उभी असते, माझ्या हातांकडे बघत. मी तिला हिवतापावरची पूड नेऊन दिली. "जी, सरकार," म्हणाली. आतून म्हातारा ओरडला, "सरकार काय गं? मोजणीवाला आहे तो, त्याला कशाला डोक्यावर चढवतेस?"

१९ नोव्हेंबर

त्याला एक मुलगाही आहे. बेनेदेक. बंडखोरांच्या तोफखान्यात सार्जंट होता. एस्टर म्हणते, तो सरहद्द ओलांडून तुर्कांच्या मुलखात गेला. टपाल फोडतात म्हणून तो पत्र धाडत नाही.

आज म्हाताऱ्यानं टोपली बाजूला ठेवली. "साहेब, तुमचं अक्षर चांगलं असेल. एक अर्ज लिहा. माफी मिळाली तर पोरगं घरी येईल. माझे दिवस फार नाहीत."

"कुणाच्या नावे लिहू?"

"ट्रेश्काउच्या."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

मी म्हणालो, "तो आता अधिकारावर नाही."

"मग तर छानच. त्याला वेळ असेल."

"लोक त्याला कसाई म्हणतात."

"म्हणू देत. तोही लाइपझिगला होता असं ऐकलंय. जो त्या पावसात भिजलाय तो दुसऱ्या भिजलेल्याचं ऐकेल. लिहा: माझा एकच मुलगा आहे, उजव्या भुवईवर घोड्याच्या नालाची खूण आहे, तोफेपेक्षा त्याला कबुतरं आवडतात. आणि लिहा, की मी बादशहासाठी अकरा वर्षं दिली, त्यांतलं एक तरी परत करा."

मी लिहिलं. माझ्याच नावे, माझ्या सगळ्या पदव्यांसकट. म्हाताऱ्यानं खाली अंगठा उमटवला.

२० नोव्हेंबर

अर्ज मेजावर आहे. एवढे अर्ज आले आयुष्यात. खिडकीत गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असायचे. एकही माझ्या स्वतःच्या हातानं लिहिलेला नव्हता.

माझ्याकडच्या नकलांच्या पेट्या वोज्तेखकडून उघडवून घेतल्या. मला खात्री होती की नाव नसेल.

आहे. बेनेदेक केंदे, सार्जंट, तोफखाना, वय सव्वीस. केरेशवार किल्ला. फाशी. २२ ऑक्टोबर १८४९, सकाळी साडेसात. खाली माझी सही.

मला तो आठवत नाही. भुवईवरची खूण आठवायचा प्रयत्न केला. मी त्याला पाहिलाच नसणार, मी फक्त कागद पाहायचो. मग त्या दिवशीची माझी पलटणीची रोजनिशी काढली. लिहिलंय: "दाढ दुखते. लवंगेचं तेल लावलं. तेरा प्रकरणं निकालात काढली. धुकं."

दाढ मात्र आठवते. डावीकडची, खालची.

२८ नोव्हेंबर

गेलो नाही आठ दिवस. मी कायद्यानं वागलो. तोफेच्या मागे उभं राहून त्यानंही कुणाची तरी पोरं मारलीच की. हे सगळं मी स्वतःशी मोठ्यानं बोललो, आणि वोज्तेख दारातून म्हणाला, "मला सांगताय का, साहेब?"

नदीवर म्हाताऱ्याचं माझ्याबद्दल काय मत झालं असेल? मोजणीवाला आळशी आहे, असंच.

४ डिसेंबर

पुन्हा जायला लागलो. त्यानं पहिलंच विचारलं, "जबाब आला?" मी म्हणालो, अजून नाही. "येईल. मोठ्या लोकांची शाई उशिरा वाळते."

१६ जानेवारी १८५१

कोठीत पाहुणा आला! पाद्री सोबोस्लाई स्वतः. मी बैठकीत शेकोटी पेटवायला सांगितली, तोकायच्या वाइनची बाटली उघडली. चार महिन्यांत या खुर्चीत बसू शकेल असा पहिला माणूस. ते बसले मात्र नाहीत.

"सरकार, एक विनंती आहे. मोझेशकाकांकडे जाऊ नका."

"का? तक्रार आहे त्यांची?"

"त्यांची नाही. गावाची. त्यांचा मुलगा गेलाय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आम्ही सव्वा वर्ष सांभाळलंय ते. एस्टर रोज तुम्हाला त्यांच्याशेजारी बघते आणि रोज तिला वाटतं, आज हे बोलून जातील, किंवा आज बाबांच्या तोंडून ट्रेश्काउबद्दल काही वावगं जाईल आणि संध्याकाळी शिपाई येतील. पोरगी अर्धी झालीय."

"मी तिला औषध दिलंय."

पाद्री दाराकडे वळले. मग म्हणाले, "मुलगा तुम्ही नेलात. बाप आमच्याकडे राहू द्या."

मी म्हणालो, "या घरात मला हुकूम देणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

"जी, सरकार," म्हणून ते निघून गेले. पेल्याला हात लावला नव्हता.

१७ जानेवारी

आज त्याला सांगितलं.

काल रात्रभर मनाची तयारी केली की शिपायानं खोटं बोलू नये, कर्तव्य आहे, वगैरे. इथं खरं लिहितो. मला हवं होतं, की तो मोजणीवाल्याशी बोलतो तसं एकदा माझ्याशी बोलावा. माझं नाव घेऊन. लाइपझिगच्या पावसातल्या माणसाला तो समजून घेईल असं मला वाटलं होतं. आशा होती, असं म्हणतो.

म्हणालो, "मोझेश, मी मोजणीवाला नाही. मी ट्रेश्काउ."

तो हसला. "असली सोंगं घेऊ नयेत, साहेब. जीभ झडते."

"मी ट्रेश्काउ आहे. कोठीत राहतो. तुझा अर्ज माझ्या मेजावर आहे."

"कसाई माणूस माझ्याकडे येऊन तीन महिने काड्या सोलेल होय? त्याला आणखी काय उद्योग नाहीत?"

"नाहीत," मी म्हणालो.

मग मी निकाल म्हणून दाखवला. पाठ झाला होता. नाव, हुद्दा, वय, किल्ला, तारीख. आवाज माझा नेहमीचा झाला, हुकूम वाचतानाचा, आणि मला वाटतं त्यालाच त्यानं ओळखलं. बोटं काडी वळवत होती ती दोन-तीन वेढे तशीच वळत राहिली. मग थांबली.

"किती वाजता?"

"साडेसात."

"सकाळी?"

"सकाळी."

एस्टर दारातून धावत आली आणि मध्येच उभी राहिली. म्हातारा हातानं भिंत चाचपत उठला. टोपी काढली. टाचा जुळवल्या, घोडदळात शिकवतात तशा. म्हणाला, "जी, सरकार."

मी म्हणालो, बस. तो बसला. मी म्हणालो, काहीतरी बोल, शिव्या दे. "काय देऊ, सरकार?" मी त्याच्या हातात टोपली दिली. त्यानं ती धरली. विण म्हणालो, तर विणायला लागला. मी निघेपर्यंत विणत होता, चेहरा माझ्याकडे करून, त्या पांढऱ्या डोळ्यांनी. थांब असं सांगायचं मला सुचलं नाही.

३० जानेवारी

मोझेश केंदे पहाटे वारला. एस्टर म्हणते, जेवण सोडलं नव्हतं, फक्त मागत नव्हता. हे मला वोज्तेखनं सांगितलं.

२ फेब्रुवारी

पुरला. जमीन गोठली होती, कुदळीचा आवाज कोठीपर्यंत येत होता. मी गेलो नाही. जावंसं वाटलं होतं.

वोज्तेखनं आज सोडून जायची परवानगी मागितली. मोराव्हियात बहीण आहे म्हणे. बावीस वर्षांत त्यानं बहिणीचं नाव काढलं नव्हतं. मी विचारलं, "पाठ दुखते म्हणून?"

"हो साहेब," तो म्हणाला, "पाठ दुखते म्हणूनच समजा."

७ फेब्रुवारी

एस्टर अंगणात उभी होती. बोलवा म्हटलं, तर पायरीपर्यंतच आली. काळी शाल, ओठ फुटलेले. पहिल्यांदाच तिनं मला प्रश्न विचारला.

"त्याला कुठं ठेवलंय?"

"कुणाला?"

"भावाला. बाबांशेजारी जागा सोडलीय. गाडी गावातली मिळेल, दोन माणसं पाद्रीबुवा देतायत. फक्त जागा सांगा."

मी म्हणालो, कागद बघून सांगतो. तिनं मान हलवली आणि तिथंच उभी राहिली. मी आत जाऊन तिन्ही पेट्या उपसल्या. फाशीची वेळ आहे. साक्षीदारांची नावं आहेत. दोरखंड कुठल्या कोठारातून आला तेही आहे. जागा नाही. बाहेर आलो तेव्हा अंधार पडत होता आणि ती तशीच उभी होती.

"किल्ल्यावर पत्र लिहितो," मी म्हणालो. "त्यांच्याकडे असेल."

"बघा," ती म्हणाली. "आमच्यात मेलेल्याला जागा लागते. नाहीतर तो घरातच फिरतो."

२४ फेब्रुवारी

ती रोज येते. दुपारी, कामं उरकून. पायरीशी उभी राहते. मी मान हलवतो, नाही आलं. ती जाते. मी दुपारची वाट बघतो हे लिहायला लाज वाटते.

११ मार्च

केरेशवारच्या किल्लेदाराचं उत्तर आलं. तरुण माणूस असावा, भाषा फार अदबीची आहे. "महोदयांनी विचारलेल्या व्यक्तीच्या दफनाच्या जागेची कोणतीही नोंद या दप्तरी नाही. महोदयांच्याच ९ सप्टेंबर १८४९ च्या हुकुमानुसार अशा व्यक्तींना खंदकात, चुना टाकून, एकत्र पुरण्यात आले. खूण ठेवू नये व जागा लिहून ठेवू नये, अशी महोदयांची स्पष्ट आज्ञा होती. हुकुमाचे पालन काटेकोरपणे झाले आहे, याची महोदयांनी खात्री बाळगावी."

हुकूम मला आठवला. भाषासुद्धा. लोक थडग्यांवर फुलं वाहतात आणि फुलांतून पुन्हा बंड उगवतं, म्हणून दिलेला होता. त्या वेळी तो मला दूरदर्शी वाटला होता. एकदा मी रात्रीच्या जेवणावर त्याची तारीफही ऐकून घेतली होती.

१२ मार्च

एस्टरला पत्र वाचून दाखवलं. चुन्याचं वगळणार होतो. वगळलं नाही.

मला वाटलं आता मोठ्यानं रडेल, शाप देईल. मी तयार होतो. मी त्याची वाटच पाहत होतो, खरं तर. ती म्हणाली, "म्हणजे काहीच नाही त्याचं?"

"काही नाही."

"त्याचं नाव कुठंच लिहिलेलं नाही?"

मी म्हणालो, निकालाच्या कागदावर आहे.

"तो द्या."

सरकारी नक्कल आहे. बाहेर द्यायची नसते. मी हे तिला सांगितलंही. मग आत जाऊन तो कागद काढला. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, नाव कुठं आहे? मी बोट ठेवलं. तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं, बराच वेळ, आणि मग घडी न घालता कागद शालीखाली धरून नेला.

१६ मार्च, रविवार

वोज्तेख सकाळी गेला. माझे सगळे बूट पुसून ओळीनं लावून ठेवले होते.

देवळाची घंटा झाल्यावर लोक पांगले नाहीत, सगळे मागच्या बाजूला स्मशानाकडे गेले. मी रस्त्यावर कुंपणापाशी थांबलो. कुणी मला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मोझेशच्या शेजारी, सोडलेल्या जागेत, दोन हात लांबीचा खड्डा खणला होता. एस्टरनं वाळुंजाची एक झाकणाची टोपली आणली. पाद्रीबुवांनी बेनेदेकचं नाव घेतलं, आईचं नाव, बापाचं नाव, वय. मग एस्टरनं टोपलीत तो निकालाचा कागद ठेवला आणि ती स्वतः खड्ड्यात उतरून खाली ठेवून आली.

स्तोत्र पूर्ण म्हटलं. मग मूठमूठ माती टाकायला रांग लागली. म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, माझ्या तबेल्यातले दोघे, माझी स्वयंपाकीण. मी मोजत होतो. एकशे एकेचाळीस माणसं. एवढं सिल्वाश मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

त्या कागदावर त्याचं नाव एकदा आहे. माझं दोनदा: वर पदव्यांसकट, आणि खाली सहीत. प्रत्येक मूठ दोघांवरही पडत होती.